टरफलातला वायू, वाफेतला हायड्रोजन

भारतात दरवर्षी सुमारे एक कोटी टन भुईमुगाच्या शेंगा पिकतात. शेंगेच्या वजनात टरफलाचा वाटा २५ ते ३० टक्के असतो. म्हणजे दाणे वेगळे केल्यावर दरसाल २५ ते ३० लाख टन टरफले मागे उरतात. यातली बरीचशी बॉयलरमध्ये किंवा वीटभट्टीत थेट जाळली जातात. पण याच टरफलांवर योग्य तापमानाला वाफ सोडली तर त्यांच्यापासून हायड्रोजनने भरलेला, ज्वलनशील वायू मिळतो. हा वायू भट्टी तापवतो, इंजिन चालवतो आणि शुद्ध केल्यावर रासायनिक उद्योगांचा कच्चा मालही होतो. ही प्रक्रिया कशी घडते, ती कुठे अडते आणि आपल्या तेलबियांच्या पट्ट्यात तिला जागा कुठे आहे, हे क्रमाने पाहू.

तेलबियांमागे काय काय उरते

भुईमुगाचे टरफल हा या अवशेषांतला एक प्रकार झाला. महाराष्ट्रात सोयाबीनचे क्षेत्र आता सुमारे ५० लाख हेक्टर आहे. मळणी झाली की त्याच्या काड्या आणि शेंगांची फोलपटे उरतात. विदर्भात त्यांना कुटार म्हणतात. करडईची काटेरी काडे, सूर्यफुलाची ताटे, एरंडीची ताटे आणि तिच्या बोंडांची साल हेही तेलबियांचेच अवशेष. सरकीचे तेल आपण खातो, त्यामुळे कपाशीच्या पऱ्हाट्याही याच यादीत धरायला हव्यात.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल-तेलबिया राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. देशातील तेलबियांचे उत्पादन २०२२-२३मध्ये सुमारे ३.९ कोटी टन होते. ते २०३०-३१पर्यंत ६.९७ कोटी टनांवर न्यायचे, असे या अभियानाचे उद्दिष्ट आहे. दाणे वाढले की काडी आणि टरफलही वाढणार. म्हणून तेलाच्या नियोजनाबरोबर अवशेषांचे नियोजनही आत्ताच व्हायला हवे.

जाळणे वेगळे, वायू काढणे वेगळे

चुलीत ओलसर लाकूड घातले की दाट पांढरा धूर निघतो. त्या धुराला अचानक ज्वाला लागली की तो भपकन पेटतो. लाकडातून सुटलेले ज्वलनशील वायू आणि वाफा त्या धुरात असतात, हवा आणि ज्वाला मिळताच त्या जळतात. गॅसिफायर नावाच्या भट्टीत याच दोन घटना मुद्दाम वेगळ्या केल्या जातात. आधी वायू काढायचा, तो स्वच्छ करायचा आणि मग हवा तिथे, हवा तेव्हा जाळायचा.

एक किलो कोरडे टरफल पूर्ण जाळायला साधारण सहा किलो हवा लागते. गॅसिफायरमध्ये या हवेचा फक्त पाव ते एक तृतीयांश हिस्सा सोडतात. त्यामुळे थोडा माल जळतो, त्यातून उष्णता मिळते आणि उरलेल्या मालाचे रूपांतर वायूत होते. या प्रक्रियेला वायुकरण म्हणतात.

गोबरगॅसपेक्षा हा मार्ग अगदी वेगळा आहे. गोबरगॅस जिवाणू तयार करतात. त्यांना भरपूर पाणी, कोमट तापमान आणि आठवड्यांचा वेळ लागतो. शेण, भाजीपाला, खरकटे हे त्यांचे खाद्य. पण टरफल किंवा पऱ्हाटी कडक करणारे लिग्निन त्यांना जवळजवळ पचत नाही. भुईमुगाच्या टरफलात लिग्निनचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असते. उष्णतेपुढे मात्र लिग्निनही फुटते, तेही मिनिटांत. म्हणून ओल्या कचऱ्यासाठी गोबरगॅस आणि कोरड्या, काष्ठमय अवशेषांसाठी वायुकरण अशी सरळ वाटणी करता येते.

भट्टीतले चार टप्पे

पहिला टप्पा वाळवणीचा. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की टरफलातला ओलावा वाफ होऊन निघून जातो.

दुसरा टप्पा विघटनाचा. साधारण २०० ते ६०० अंशांदरम्यान टरफलातले सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन तुटतात. हवेशिवाय घडणाऱ्या या विघटनात टरफलाच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग वायू, वाफा आणि डांबर यांच्या रूपाने बाहेर पडतो. मागे काळा, सच्छिद्र लोणारी कोळसा उरतो.

तिसरा टप्पा ज्वलनाचा. सोडलेल्या मोजक्या हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये काही वायू आणि काही कोळसा जळतो. इथे तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते. बाकीच्या सगळ्या टप्प्यांना लागणारी उष्णता इथून मिळते.

चौथा टप्पा क्षपणाचा. तापलेला कोळसा आणि त्यातून जाणारे कार्बन डायऑक्साइड व वाफ यांची गाठ पडते. जळून गेलेले, इंधन म्हणून निरुपयोगी झालेले हे दोन पदार्थ कोळशातल्या कार्बनशी संयोग पावून पुन्हा ज्वलनशील होतात. कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होतो. वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात.

वाफ इथे कच्चा माल आहे

बॉयलरमध्ये वाफ उष्णता वाहून नेते. गॅसिफायरमध्ये ती स्वतः अभिक्रियेत भाग घेते. कार्बन वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. पुढे तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड आणखी वाफेला भेटला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचा दुसरा हप्ता सुटतो.

याचा परिणाम वायूच्या गुणवत्तेत दिसतो. फक्त हवेवर चालणाऱ्या गॅसिफायरच्या वायूत जवळपास निम्मा नायट्रोजन असतो, कारण हवेचाच चार पंचमांशाजवळ भाग नायट्रोजन आहे. तो जळत नाही, नुसती जागा अडवतो. अशा वायूचे उष्मामूल्य दर घनमीटरला ४ ते ६ मेगाज्यूल इतकेच भरते. वाफेवर काढलेल्या वायूत नायट्रोजन जवळजवळ नसतो. हायड्रोजनचे प्रमाण १५-२० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते आणि उष्मामूल्य १० ते १८ मेगाज्यूलपर्यंत पोहोचते. तुलनेसाठी, नैसर्गिक वायूचे उष्मामूल्य ३५ मेगाज्यूलच्या वर असते.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. दासप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन आणि वाफ एकत्र वापरून बायोमासपासून, म्हणजे लाकूड, काडी, टरफल यांसारख्या जैव मालापासून, हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली. त्यांचा निष्कर्ष मुद्दा नेमका स्पष्ट करतो. एक किलो बायोमासमध्ये मुळात सुमारे ६० ग्रॅम हायड्रोजन असतो, पण या पद्धतीने एक किलोमागे १०० ग्रॅम हायड्रोजन हाती येतो. वरचे ४० ग्रॅम पाण्याने दिलेले असतात.

उष्णता कुठून आणायची

वाफेची ही देणगी फुकट मिळत नाही. कार्बन आणि वाफेची अभिक्रिया उष्णता शोषून घेते. एक किलो कार्बनमागे सुमारे ११ मेगाज्यूल. तोच एक किलो कार्बन नुसता जाळला तर सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता देतो. शोषलेली उष्णता नाहीशी होत नाही. ती तयार झालेल्या वायूत साठते आणि वायू जाळल्यावर परत मिळते. पण आधी ती कुठून तरी पुरवावी लागते. शिवाय ३० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला अडीच मेगाज्यूल लागतात आणि ती आणखी तापवायला वेगळे.

ही अडचण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात लाल तापलेल्या दगडी कोळशाच्या कोकवर वाफ सोडून ‘वॉटर गॅस’ काढत. १८७०च्या दशकात अमेरिकेत थॅडियस लो यांनी या वायूला शहरांच्या दिवाबत्तीयोग्य बनवले. वाफ सोडली की काही मिनिटांत कोक थंड पडे. मग वाफ बंद करून हवेचा झोत द्यायचा, कोक पुन्हा लाल करायचा आणि पुन्हा वाफ सोडायची, असे आळीपाळीने चाले.

आज या प्रश्नाला मुख्यतः तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर, वाफेबरोबर थोडी हवा सोडणे. हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण हवेबरोबर नायट्रोजन परत येतो.

दुसरे उत्तर, वाफेबरोबर शुद्ध ऑक्सिजन देणे. वायू उत्तम मिळतो, पण ऑक्सिजन वेगळा करणारे संयंत्र उभारावे लागते. बेंगळुरूची पद्धत या गटातली.

तिसरे उत्तर, दोन जोडकक्षांची भट्टी. एका कक्षात वाफेच्या झोतावर तरंगणाऱ्या तप्त वाळूसारख्या खनिजात बायोमासचे वायुकरण होते. उरलेला कोळसा आणि थंडावलेले खनिज दुसऱ्या कक्षात जातात. तिथे हवा देऊन कोळसा जाळतात, खनिज पुन्हा तापते आणि पहिल्या कक्षात परत येते. हवेच्या कक्षातला धूर आणि वाफेच्या कक्षातला वायू कधीच एकत्र होत नाहीत. जुन्या पद्धतीत हवा आणि वाफ वेळ वाटून घेत, इथे त्या जागा वाटून घेतात.

ही जोडकक्ष भट्टी ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग या छोट्या गावात व्यवहारात उतरली. व्हिएन्ना तंत्र विद्यापीठातील हर्मन हॉफबाउअर यांच्या संशोधनावर ती उभी होती. लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या ८ मेगावॉट क्षमतेच्या या भट्टीतून सुमारे २ मेगावॉट वीज मिळे आणि उरलेल्या उष्णतेवर गावातली घरे तापवली जात. तिच्या वायूतील डांबर धुऊन काढायला रेपसीड या मोहरीच्या कुळातल्या तेलबियेपासून केलेले बायोडिझेल वापरत आणि डांबराने भरलेले बायोडिझेल पुन्हा भट्टीत जाळत. तेलबियांच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी ही युक्ती ध्यानात ठेवावी.

ओलावा नको, मग वाफ का चालते

हा प्रश्न हमखास विचारला जातो. टरफलातले पाणीच वाफ होणार असेल तर वेगळी वाफ कशाला?

उत्तर तापमानात आहे. टरफलातला ओलावा भट्टीच्या थंड भागात, पहिल्याच टप्प्यात बाहेर पडतो आणि भट्टीची उष्णता खाऊन ती थंड करतो. वाफेची अभिक्रिया वेगाने व्हायला ७५० ते ९०० अंश लागतात. ओल्या मालाने तेच तापमान खाली येते आणि वायूऐवजी डांबर वाढते. वेगळी दिलेली वाफ मात्र बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या उष्णतेवर आधीच तापवता येते, हव्या त्या जागी सोडता येते आणि कमीजास्त करता येते. साधारणपणे एक किलो कोरड्या मालाला अर्धा ते एक किलो वाफ देतात. त्याहून जास्त वाफ नुसतीच तापून बाहेर पडते आणि उष्णता वाया घालवते. म्हणून मालातला ओलावा १५ ते २० टक्क्यांच्या आत असावा, हा नियम वाफेच्या भट्टीलाही लागू आहे.

डांबर : बंद पडलेल्या प्रकल्पांचे मोठे कारण

विघटनात तयार झालेले जड, चिकट पदार्थ गरम असेपर्यंत वायूबरोबर वाहतात. नळी थंड झाली की ते तिच्या अंगावर बसतात. झडपा अडकतात, इंजिन जाम होते. वायू खालून वर जाणाऱ्या साध्या भट्टीत एका घनमीटरमागे १०० ग्रॅमपर्यंत डांबर असू शकते. खनिजाच्या तरंगत्या थराच्या भट्टीत ते १० ग्रॅमच्या आसपास असते. वायू वरून खाली तापलेल्या कोळशातून ओढून घेणाऱ्या भट्टीत ते एक ग्रॅमच्या आसपास येते, कारण त्या तप्त थरातून जाताना डांबर फुटून हलके वायू होतात. इंजिनला मात्र १०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी डांबर चालते.

वाफ इथेही मदत करते. ९०० अंशांच्या जवळ आणि डोलोमाइट, ऑलिव्हिन यांसारख्या खनिजांच्या किंवा निकेलयुक्त उत्प्रेरकाच्या सान्निध्यात वाफ डांबराचे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करते. डांबर पाण्याने धुण्याची पद्धत सोपी वाटते, पण त्या पाण्यात फिनॉलसारखी विषारी द्रव्ये उतरतात. ते पाणी ओढ्यात सोडणे म्हणजे हवेचे प्रदूषण पाण्यात नेणे. ज्या प्रकल्पाच्या आराखड्यात या पाण्याची सोय दाखवलेली नाही, तो आराखडा अपुरा समजावा.

राखेचा स्वभाव आणि पेंडीचे स्थान

प्रत्येक अवशेषाची राख वेगळी वागते. भुईमूग जमिनीत वाढतो, म्हणून टरफलाला माती चिकटून येते. मातीतली सिलिका आणि वनस्पतीतले पोटॅशियम एकत्र आले की कमी तापमानाला वितळणारी काचेसारखी संयुगे होतात. ७५० ते ८०० अंशांनाच राख चिकट व्हायला लागते, गोळे बांधते आणि भट्टीची जाळी बुजवते. सूर्यफुलाच्या टरफलांच्या राखेत पोटॅशियम भरपूर असल्याने तिथे हा त्रास जास्त. यावर उपाय साधे आहेत. माल चाळून माती काढायची, तरंगत्या थरासाठी नदीची वाळू न वापरता ऑलिव्हिन किंवा डोलोमाइट वापरायचे आणि भट्टीच्या तापमानावर काटेकोर लक्ष ठेवायचे.

पेंडीचा मामला वेगळा. सोयाबीनच्या पेंडीत जवळपास निम्मी प्रथिने असतात, म्हणजे सुमारे सात टक्के नत्र. ती भट्टीत घातली तर त्या नत्राचा अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड होतो. मोहरीच्या पेंडीतील गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तो उत्प्रेरकाला निकामी करतो. पण नुसत्या रसायनाचाच हा प्रश्न नाही. सोयाबीन, भुईमूग आणि सरकीची पेंड जनावरांचे अन्न आहे. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष असते, तरी ती उत्तम सेंद्रिय खत आहे. निंबोळी आणि करंजीच्या पेंडीचेही तसेच. पेंड भट्टीत घालणे हा पोषणाचा नाश आहे. वायुकरणासाठी टरफल, बोंडाची साल आणि कडक काडी घ्यावी, पेंडीला हात लावू नये.

भारतातले काम

भारतीय विज्ञान संस्थेचा या विषयातला अनुभव १९८०च्या दशकापासूनचा आहे. कर्नाटकातल्या होसहळ्ळी या छोट्या गावात १९८८मध्ये तिच्या गॅसिफायरवर वीज पोहोचली. प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या पुढाकाराने संस्थेत विकसित झालेली, वरून उघडी असलेली भट्टी पुढे अनेक उद्योगांनी स्वीकारली.

महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी उसाचे पाचट आणि चिपाड यांसारख्या हलक्या, सैल मालावर चालणारा गॅसिफायर विकसित केला. तेलबियांच्या दृष्टीने हे काम फार मोलाचे आहे. लाकडाचे तुकडे भट्टीत आपोआप खाली सरकतात, पण कुटार, पाचट, करडईचे काड भट्टीत अडकून राहते, मध्येच पोकळी होते आणि वायू खंडित होतो. सैल माल भट्टीत सलग कसा सरकवायचा हा प्रश्न सुटला तरच शेतातला अवशेष भट्टीत चालतो. हीच संस्था करडईच्या संशोधनासाठीही देशभर ओळखली जाते.

दुसरा मार्ग म्हणजे माल दाबून घट्ट करणे. सैल कुटाराचे एका घनमीटरला शंभर किलोही वजन भरत नाही, गोळ्या किंवा कांड्या केल्या की ते सहाशे किलोंच्या पुढे जाते. सौराष्ट्रात भुईमुगाच्या टरफलांपासून केलेल्या कांड्या ‘व्हाइट कोल’ नावाने कारखान्यांना विकल्या जातात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून कांड्या आणि गोळ्या करण्यावर असेच काम केले आहे.

एका शेंगफोडणी कारखान्याचा हिशेब

समजा, एक कारखाना दिवसाला १० टन शेंगा फोडतो. त्यातून किमान अडीच टन टरफले निघतील. टरफलाचे उष्मामूल्य किलोमागे १६ मेगाज्यूल धरू. गॅसिफायरने त्यातली ७० टक्के ऊर्जा वायूत उतरवली तर किलोमागे सुमारे ११ मेगाज्यूल हाती येतात.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्याची ऊर्जा सुमारे ६५० मेगाज्यूल. म्हणजे ५८ किलो टरफले एका सिलिंडरच्या बरोबरीची झाली. अडीच टनांत रोजच्या ४३ सिलिंडरांइतकी ऊर्जा आहे. याच टरफलांवर लहान इंजिन चालवले आणि एका युनिटला सव्वा ते दीड किलो माल धरला तर दिवसाला १,६०० ते २,००० युनिट वीज होईल.

पण हा वायू सिलिंडरमध्ये भरून घरोघर देता येत नाही. स्वयंपाकाचा गॅस थोड्या दाबाखाली द्रव होतो, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तसे होत नाहीत. म्हणून हा वायू जिथे तयार होतो तिथेच वापरावा लागतो. दाणे भाजणे, शेंगा वाळवणे, तेलघाण्याच्या आधी बिया तापवणे, गुऱ्हाळ, बेकरी या गरजा त्याच आवारात किंवा पलीकडच्या शेडमध्ये असतील तर हिशेब जमतो. उष्णतेसाठी वायू वापरला तर डांबराची कटकटही कमी होते, कारण गरम वायू थेट बर्नरमध्ये नेता येतो. विजेचा नंबर त्यानंतरचा.

वाफ आणि हायड्रोजन, दोन्ही तेल कारखान्यातच

वाफेवरचे वायुकरण तेल उद्योगाला विशेष जुळते, असे मला ठामपणे वाटते. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या कारखान्यात तेल विरघळवून काढायला वापरलेले हेक्झेन पेंडीतून परत काढायला वाफ लागते. म्हणजे बॉयलर, पाणी शुद्ध करायची यंत्रणा आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे तिथे आधीच आहेत. टरफले आणि साल दाराशी येऊन पडतात. त्यांच्यासाठी वेगळी वाहतूक करावी लागत नाही.

हायड्रोजनचे गिऱ्हाईकही याच उद्योगात आहे. निकेल उत्प्रेरकाच्या मदतीने तेलाशी हायड्रोजनचा संयोग केला की तेल घट्ट होते. एरंडेल तेलापासून ग्रीस, मेण आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारा घट्ट पदार्थ असाच करतात. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि देशातली बहुतांश एरंडी गुजरातेत पिकते. तिथल्या ताटांपासून आणि सालीपासून काढलेला हायड्रोजन तिथल्याच तेलात वापरता आला तर शेत आणि कारखाना यांच्यातला दुवा पक्का होईल. त्यासाठी वायूतले गंधक आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र पूर्ण काढावे लागतात, आणि खर्चाचा मोठा भाग या शुद्धीकरणावरच जातो.

सरकारी धोरणातही याला जागा आहे. जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठरलेल्या व्याख्येत बायोमासपासून काढलेला हायड्रोजनही हरित मानला आहे. अट अशी की एक किलो हायड्रोजनमागे होणारे उत्सर्जन दोन किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत असले पाहिजे.

जिवाची काळजी

या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि माणूस गुदमरतो. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे ही त्याची पहिली लक्षणे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तृत प्रमाणात पेट घेतो. त्यामुळे गॅसिफायर उघड्या, हवेशीर शेडमध्येच असावा. वायू शोधून भोंगा वाजवणारे यंत्र हवेच. भट्टी सुरू करताना आणि बंद करताना नळ्यांतली हवा किंवा वायू आधी काढून टाकावा. रात्रपाळीला एकटा माणूस ठेवू नये. यात खर्चाची काटकसर करणे म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळणे आहे.

काय उचलावे, काय शेतात ठेवावे

शेतातली प्रत्येक काडी उचलून भट्टीत घालणे शहाणपणाचे नाही. सोयाबीनची पाने काढणीआधीच गळतात आणि मुळांवरच्या गाठी जमिनीत राहतात, हे जमिनीचे देणे आहे. कुटार जनावरे खातात. दुष्काळी वर्षात त्याचे मोल इंधनापेक्षा जास्त असते. भुईमुगाचा पाला तर उत्तम चारा आहे. हे दोन्ही भट्टीपासून दूर ठेवावेत.

पऱ्हाटीचे गणित वेगळे. शेतात उभी राहिलेली किंवा बांधावर रचलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देते. ती वेळेवर उपटून नेणे हा अळीच्या बंदोबस्ताचाच भाग आहे. करडईचे काटेरी काड मळणीनंतर जनावरांना खाता येत नाही, तेही घ्यायला हरकत नाही. टरफले आणि बोंडांची साल तर शेतातून आधीच बाहेर पडलेली असतात.

वायू काढल्यावर उरलेली राख शेतात परत गेली पाहिजे. तिच्यात पालाश, चुना आणि काही स्फुरद असते. भट्टीतून न जळलेला कोळसा निघत असेल तर तोही मातीत मिसळता येतो, तो अनेक वर्षे टिकतो. नत्र आणि बरेचसे गंधक मात्र वायूबरोबर निघून जातात, ते राखेतून परत येत नाहीत. म्हणून ज्या शेतातून काडी नेली तिथे शेणखत, हिरवळीचे खत किंवा कडधान्याची फेरपालट यांनी ती तूट भरून काढायला हवी.

सुरुवात कुठून करावी

शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी तेलगिरणी किंवा शेंगफोडणीचा कारखाना या दिशेने विचार करत असेल तर क्रम असा ठेवावा. आधी वर्षभराच्या मालाची मोजदाद करावी. कोणत्या महिन्यात किती टरफल येते, त्यात ओलावा आणि माती किती, हे लिहून ठेवावे. पावसाळ्यासाठी छपराखाली साठवणीची सोय करावी. नंतर आवारात रोज किती उष्णता लागते याचा हिशेब मांडावा आणि तेवढ्यापुरता, हवेवर चालणारा साधा गॅसिफायर उष्णतेसाठी बसवावा. तो वर्षभर न थांबता चालला, कामगारांचे हात बसले आणि डांबर व पाण्याची व्यवस्था सुरळीत झाली की मग बॉयलरची वाफ जोडून वायू समृद्ध करण्याकडे वळावे. हायड्रोजन शुद्ध करण्याची पायरी या सगळ्यानंतरची, आणि तीही जवळ खात्रीचे गिऱ्हाईक असेल तरच.

टरफलाची किंमत ते जिथे साचते आणि जिथे उष्णतेची गरज आहे त्या जागेवर ठरते. तेलाच्या कारखान्यात माल, वाफ आणि गरज या तिन्ही गोष्टी एकाच कुंपणाच्या आत आहेत. त्यामुळे या तंत्राची पहिली पक्की उभारणी तिथेच व्हावी आणि तिच्या नफ्यातला वाटा टरफल पिकवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत दरातून पोहोचावा. शेंगेचा भाव ठरवताना टरफलाची किंमत धरली जाऊ लागली तर हे तंत्र शेतापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.